भाषांच्या देवघरात (लेखांक ९) : हरवलेलं मेंढरू आणि लांबलेला स्वर

गेल्या खेपेला आपण योरुबात अडकलो होतो. तिथे सूर चढला-उतरला की शब्दाचा अर्थच बदलतो, त्यामुळे युरोपातून आणलेल्या चाली शब्दांचा घात करतात. सेनेगलची वोलोफही पश्चिम आफ्रिकेतलीच, पण तिला हा जाच नाही. चाल वर न्या, खाली आणा, शब्द जागचा हलत नाही. रचनाकाराला मोकळं रान, असं वाटतं. खोडा दुसरीकडे आहे.

वोलोफमध्ये ‘खर’ म्हणजे मेंढरू आणि ‘खार’ म्हणजे वाट पाहणं. (आपली झाडावरची खार इथे आणू नका.) आपल्या ‘दिन’ आणि ‘दीन’सारखंच हे. फरक एवढाच, की बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाकडे कानाडोळा करतो. वोलोफमध्ये तो चालत नाही. आता लूकच्या शुभवर्तमानातला हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत गाण्यात बसवायचा आहे. ओळ संपताना गायक सवयीने स्वर लांबवणार, आणि मेंढरू जाऊन नुसतं वाट पाहणं उरणार! ऐकणारा संदर्भाने सावरून घेईल, पण ती वेळ का आणावी? मेंढरू ओळीच्या मध्यावर, ठेक्याच्या आखूड घावावर ठेवावं आणि शेवटाला मुळातच दीर्घ स्वराचा शब्द आणावा. माझ्या मते हे काम भाषांतराहून अवघड आहे.

मग गाण्याचाच हट्ट का? सेनेगलमध्ये शाळा प्रामुख्याने फ्रेंचमधून चालते. वोलोफसाठी लॅटिन लिपीचे नियम सरकारने 1971 मध्ये ठरवून दिले, तरी ती बोलणारे पुष्कळ जण ती वाचत नाहीत. कान मात्र तयार आहेत. वंशावळी आणि स्तुती गाणारी गेवेलांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुरीद या सूफी पंथाचे लोक आपले संस्थापक अमादू बांबा (1853-1927) यांची अरबी काव्यं रात्र रात्र गातात. वोलोफमध्ये ख्रिस्तीही देवाला ‘याल्ला’ आणि शुभवर्तमानाला ‘इंजील’ म्हणतात, म्हणजे शब्दही मुसलमान शेजाऱ्याच्या ओळखीचे. ख्रिस्ती शंभरात पाचही नाहीत आणि त्यातले बरेचसे सेरेर किंवा जोला. वोलोफ त्यांची घरची नव्हे, बाजारातली बोली. त्यामुळे वोलोफमधलं गाणं आपोआपच कुंपणाबाहेर ऐकू जातं.

वाद्यांचंही थोडं सांगायला हवं. साबार हा ढोल एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताचा तळवा यांनी वाजतो; कुस्ती आणि लग्नं हे त्याचं माहेर. डाकारजवळच्या केर मूसा मठातल्या बेनेडिक्टाइन साधूंनी मात्र 21 तारांचा कोरा उपासनेत आणला. तो मूळचा मांडिंका लोकांचा. तारा ताणणारी चामड्याची कडी सुरात टिकेनात, म्हणून साधूंनी त्याला खुंट्या बसवल्या.

आपल्याकडे फादर स्टीफन्सनी ओवीत रचलेलं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापून निघालं, तेही कानासाठीच. पुढच्या आठवड्यात तिकडे वळू. तोवर एक करा: आवडतं भजन गुणगुणा आणि त्यातले किती ऱ्हस्व स्वर तुम्ही दीर्घ करता, ते मोजा.