पांढरा बगळा आणि मीटरचं अनुमान

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी एकाने विचारलं, हल्लीचे कॅमेरे एवढे हुशार झाले, मग डायल 'एम'वर नेऊन हाताने आकडे लावत बसायचं कशाला? आजचा विषय त्याच्या उत्तरातच आहे.

कॅमेऱ्यातला मीटर मोजतो तो वस्तूवरून परत येणारा उजेड. वस्तूवर किती उजेड पडतोय हे त्याला थेट कळत नाही. मग तो धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं असणार. आम्ही वर्गात न्यायदर्शन शिकवत आलो. त्या भाषेत सांगायचं तर मीटरचा हेतू अनैकांतिक आहे. धूर दिसला तर अग्नी मानता येतो, पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर कुठे असतो? तसंच इथे. उजेड कमी परत आला, तर ऊन कमी असेल किंवा समोरची वस्तूच काळी असेल. दोन्हीकडे जाणारी खूण पुरावा म्हणून चालत नाही. नवे कॅमेरे दृश्याचे तुकडे पाडून मोजतात, पक्ष्याचा डोळासुद्धा ओळखतात, तरी ही अडचण पुरती सुटलेली नाही.

आता आपल्या सुरगाण्यात या. भाताची चिखलणी चालू आहे, औतामागे बगळे चालतायत. चौकटीत नव्वद टक्के काळा चिखल आणि मधे एवढासा पांढरा पक्षी. मीटर म्हणतो, फार अंधार आहे, आणि उजेड वाढवतो. चिखल छान करडा येतो, बगळा चुन्यासारखा सपाट. तोच बगळा उडून आभाळावर आला की मीटर उलटं करतो आणि पक्षी काळपट पडतो. दोन सेकंदांत बगळ्यावरचा उजेड बदलला का? नाही. बदलली ती पार्श्वभूमी. हाताने लावलेलं एक्सपोजर या पार्श्वभूमीकडे बघतच नाही, एवढाच त्याचा मोठेपणा.

कुणी म्हणेल, पीस थोडं जळालं तर काय बिघडलं? बिघडतं बरं का. मोठा बगळा आणि मध्यम बगळा लांबून सारखेच दिसतात. मोठ्या बगळ्याच्या जबड्याची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यमाची डोळ्याखालीच थांबते. चेहरा जळाला की ती बारीक रेघ गेली, आणि फोटो ओळख पटवायच्या कामाचा राहिला नाही. काळवंडलेला भाग नंतर संगणकावर थोडाफार उजळता येतो; पुरता जळालेला भाग परत आणता येत नाही, कारण तिथे काही नोंदलंच गेलेलं नसतं.

तेव्हा सराव कसा करायचा? पक्ष्यापासून सुरुवात नको. अंगणात उन्हात एक काळी घोंगडी आणि एक पांढरा टॉवेल शेजारी शेजारी टाका. जुना ठोकताळा असा: स्वच्छ उन्हात छिद्र एफ १६ ठेवलं, तर शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ ४०० ला सेकंदाचा ४००वा भाग. पक्षी हलता, म्हणून छिद्र दोन स्टॉप उघडून एफ ८ करा आणि शटर १६००व्या भागावर न्या. उजेड तेवढाच राहतो. आता फोटो घ्या आणि हिस्टोग्राम बघा. टॉवेलचे धागे दिसतायत का? पडद्यावर पांढरा भाग लुकलुकत असेल तर शटर २००० करा, अजून लुकलुकला तर २५००. घोंगडी काळीच राहू दे, ती काळीच आहे. मग काहीही न बदलता आधी नुसती घोंगडी, मग नुसता टॉवेल टिपा. 'ए' मोडवर हेच केलंत तर दोन्ही करड्याकडे झुकलेले दिसतील. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आमचं बोलणं पटायचं नाही, आणि पटूही नये.

सुरगाण्याचा पावसाळा म्हणजे ऊन क्वचितच. दाट ढगाळ हवेत उजेड साधारण तीन स्टॉपने उतरतो. तेव्हा एफ ५.६, शटर १६००, आयएसओ १६०० इथून सुरू करा. थोडे दाणे येतात, येऊ देत. ढग सरकला की आकडे पुन्हा बघायचे. सावली आपल्या हातावर पडते, तीच सूचना. ऊन-सावलीचा खेळ मिनिटामिनिटाला चालू असेल, तर 'एम'चा हट्ट धरू नका, तिथे ऑटोच बरा. काहीजण 'एम' लावून आयएसओ मात्र ऑटोवर ठेवतात आणि म्हणतात आम्ही मॅन्युअल वापरतो. अहो, निर्णय पुन्हा मीटरकडेच गेला की!

टॉवेल जमला की गायबगळ्याकडे वळा. तो माणसाला फारसा बुजत नाही, तासभर समोर चरतो, आणि या दिवसांत त्याच्या डोक्यावर केशरी झाक असते. ती झाक फोटोत टिकली की समजा आकडे बरोबर आहेत. कोतवाल सगळ्यात शेवटी. तारेवर बसलेला, मागे पांढरं आभाळ, अंग काळं कुळकुळीत. त्याच्यासाठी लावलेल्या आकड्यांपेक्षा एक स्टॉप उघडा, आभाळ पांढरं होऊ द्या, आणि पंखावरची निळसर चकाकी दिसते का ते बघा. सकाळी ऊन तुमच्या पाठीशी असताना करा, दुपारी नको.