आधी उडणं बघा, मग रंग

नांदेड जिल्ह्यात जंगल म्हटलं की किनवट. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे हिमायतनगर सोडते तसा काळ्या रानाचा सपाट पसारा मागे पडतो आणि सहस्रकुंड, बोधडीच्या पुढे सागाचे डोंगर सुरू होतात. पैनगंगेच्या दोन्ही अंगांना, नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांत पसरलेलं अभयारण्य इथलंच. हे पानगळीचं जंगल. पौषात सागाची पानं वाळून गळू लागतात आणि पाचोळ्यात पाऊल पडलं की पक्ष्यांना वर्दी जाते. म्हणून इथे चालायचं कमी, थांबायचं जास्त.

सकाळच्या तिरप्या उन्हात पक्षी नुसता काळा दिसतो. नवखा माणूस इथेच हिरमुसतो. माझं सांगणं असं, की रंग राहू द्या, आधी तो उडतो कसा ते बघा. उडण्यावरून पक्षी ओळखू तर येतोच, शिवाय तो पोट कसा भरतो हेही उमगतं.

सोनपाठी सुतार घ्या. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना तो भराभर पंख मारून वर चढतो, मग पंख अंगाशी घट्ट मिटून घेतो आणि खाली येऊ लागतो. जमीन जवळ येण्याआधी पुन्हा पंख, पुन्हा चढ. वेगात असताना पसरलेल्या पंखांना हवेचा अडथळा फार होतो. मधूनमधून ते मिटले की तेवढी ताकद वाचते, असं शास्त्रज्ञ सांगतात.

ही ताकद येते छातीतून. पंख खाली मारणारा स्नायू बऱ्याच पक्ष्यांत एकटाच शरीराच्या वजनाच्या १५ ते २० टक्के भरतो. नवल पुढेच आहे. पंख वर उचलणारा स्नायूही पाठीवर नसतो, तो छातीतच, या मोठ्या स्नायूच्या खाली दडलेला असतो. त्याचा कंडरा खांद्याच्या हाडांमधल्या छिद्रातून वर जातो आणि पंखाच्या हाडाला वरच्या बाजूने जोडलेला असतो. विहिरीच्या चाकावरून दोर जावा तसा. ओढ बसते खाली, उचलला जातो पंख.

शिक्रा दाट झाडीत शिकार करतो. आखूड, गोलसर पंख फांद्यांना अडकत नाहीत आणि लांब शेपटीमुळे ऐनवेळी वळता येतं. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेला भोवत्या मात्र ज्वारीच्या शेतांवरून अगदी कमी उंचीवर तरंगत फिरतो. त्याचे पंख लांब. सागवानात त्याचं काम नाही.

टकाचोर फांदीवर उतरताना दुर्बीण त्याच्यावर ठेवा. वेग मोडण्यासाठी तो पंख जवळजवळ उभे धरतो. अशा वेळी पंखावरून वाहणारी हवा सुटली तर पक्षी धपकन पडेल. तेवढ्यात पंखाच्या पुढच्या कडेला, अंगठ्याच्या जागी, दोन-चार ताठ पिसं वेगळी उभी राहतात. त्यांच्यामुळे हवा पंखाला धरून वाहते. ते दिसतं निमिषभरच, पण दिसतं!

सालिम अलींनी १९३१-३२ च्या सुमारास निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा मराठवाडा त्याच संस्थानात होता. आजच्या पक्षीमित्रांनी ती पाहणी पुढे न्यावी असं मला फार वाटतं. किनवटला अजून पुरेशी माणसं दुर्बीण घेऊन जात नाहीत.

हिवाळ्यात या जंगलात बराच वेळ चिटपाखरू दिसत नाही आणि एकदम झाडं भरून जातात. निखार, वल्गुली, शिलींध्री, छोटे सुतार आणि उत्तरेकडून आलेला, जेमतेम आठ ग्रॅमचा हिरवट पर्णवटवट्या असे सगळे मिळून पुढे सरकतात. हा मिश्र थवा. डोळे जास्त असले की शिक्रा लवकर दिसतो आणि प्रत्येकाला निवांत खाता येतं. पांढऱ्या पोटाचा कोतवाल कडेकडेने चालतो. इतरांच्या हालचालीने उडालेला किडा तो झेप घेऊन हवेतच पकडतो आणि पुन्हा फांदीवर येतो. दुभंगलेली शेपटी त्याला त्या गिरक्यांत उपयोगी पडते. धोका दिसला की ओरडतोही तोच.

हे थवे कायमचे नसतात. विणीचे दिवस जवळ आले की जोड्या जमतात, जो तो आपली हद्द राखू लागतो आणि थवा मोडतो. तेव्हा जायचं तर पौष-माघातच, सूर्य वर यायच्या आत.