आधी सांडपाणी, मग नळ

दहावीचा निकाल लागला की मला दोन-तीन फोन ठरलेले. "दादा, पोराला हाताखाली घ्या, नळ जोडायला शिकवा." घेतो मी. पण नळाला लगेच हात लावू देत नाही. नळ जोडणं हे या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम. आट्यांवर टेफलॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेनं गुंडाळायची, पाना बेतानं आवळायचा, झालं. चलाख पोरगं आठवड्यात शिकतं. (नवशिक्याला आवळायची हौस फार, जोर लावून फिटिंग तडकवल्याशिवाय एकाचंही शिक्षण पुरं होत नाही.) प्लंबर ओळखायचा तो सांडपाण्याच्या पाइपावरून.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी स्वतःच्या वजनानं रेटत येतं. दर १० मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलोचा दाब. भिंतीतून फिरवा, वाकवा, गीझरपर्यंत पुन्हा वर चढवा, ते येतंच. सांडपाण्याला मागून रेटणारं कुणी नसतं. त्याला फक्त ढाळ. ४ इंची पाइपाला चाळीसात एक, म्हणजे १० फुटांना ३ इंच. कमी पडला तर तुंबतं, आणि फार दिला तर पाणी पुढं पळतं, घाण मागं राहते.

हे मी फरश्या फोडून शिकलो. १९९६ साल, धायरीतली इमारत, मी एकोणीस वर्षांचा. मिस्त्री जत्रेला गावी गेलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचा पाइप मी एकट्यानं टाकला, नुसत्या नजरेनं. फरशी बसली, घरच्या काकूंनी पहिली बादली ओतली, आणि पाणी जाळीपाशी तळं करून उभं राहिलं. मग बुडबुडे काढत सावकाश उतरलं. पाइप पुढच्या टोकाला अर्धा इंच वर चढला होता. मिस्त्री परत आले, शिवी दिली नाही. लेव्हलची पारदर्शक नळी पाण्यानं भरली, एक टोक माझ्या हातात दिलं, म्हणाले, "धर." नळीतलं पाणी दोन्हीकडं एका पातळीला थांबतं, तिथून ढाळ मोजायचा. नऊ फरश्या गेल्या, पैसे माझ्या हजेरीतून कापले. आता बाजारात लेझर आलाय. तरी मी पोरांना आधी नळीच देतो.

त्याच जाळीखाली ट्रॅप असतो. आर्किटेक्टच्या इंग्रजी नकाशावरही त्याचं नाव ‘नहाणी ट्रॅप’. आपल्या न्हाणीवरून पडलेलं. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहतं, आणि तेवढंच पाणी गटाराचा वास आणि झुरळं घरात येऊ देत नाही. उन्हाळ्यात घर महिनाभर बंद राहिलं की ते उडून जातं, मग लोक मला फोन करतात. फोनवर सांगतो, दोन तांबे पाणी ओता. त्याचे पैसे घेत नाही.

आम्ही जीआयच्या पाइपावर डाय फिरवून आटे पाडायचो, दोरा आणि सफेदा लावायचो. खांदे भरून यायचे. आता सीपीव्हीसी. सिमेंट लावलं, पाव फेरा दिला, अर्धा मिनिट धरलं की सांधा बसला. पण साधा यूपीव्हीसी गीझरच्या लाइनला लावणारे अजून भेटतात. गरम पाण्यानं तो मऊ पडतो; सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत टिकतो.

सरकारी आयटीआयत या ट्रेडला ‘नळ कारागीर’ म्हणतात, अभ्यासक्रम एक वर्षाचा. माझ्यासारखं नुसतं हाताखाली शिकू नका, ते प्रमाणपत्र घ्याच. पुढं महापालिकेचा प्लंबरचा परवाना काढायला तेच उपयोगी पडतं. मी त्याच कागदापायी दहा वर्षं दुसऱ्याच्या सहीसाठी हेलपाटे घातले. साइटवर ओडिशातल्या केंद्रपाड्याची माणसं भेटतात. त्यांच्याकडं पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे, आणि घरटी कुणीतरी या कामात. आपल्याकडं मात्र अजून "शिकला नाही तर प्लंबर होशील" असं पोराला धमकावतात.

एक मात्र पहिल्याच दिवशी बजावतो. सेप्टिक टँकमध्ये उतरायचं नाही. मालकानं हजार रुपये जास्त काढले तरी नाही. आतला वायू दिसत नाही आणि माणूस ओरडायच्या आत पडतो. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. मशीनची गाडी बोलवायची.

बाकी, यायचं असेल त्यानं सोमवारी सकाळी आठला यावं, जुनी चप्पल आणि गुडघ्यापर्यंत गुंडाळता येईल अशी पँट घालून. हजेरी पहिल्या दिवसापासून देतो. पहिले तीन महिने नळीचं दुसरं टोक धरायचं आहे.