पांढरं फुलपाखरू: किती काळं ते नको, कुठे काळं ते बघा

फिल्डवर्क सुरू केलं की वहीत एक नोंद हमखास पडते: ‘पांढरं फुलपाखरू, १’. नंतर डेटा भरायला बसलात की या नोंदीचं काहीच करता येत नाही. म्हणून आज महाराष्ट्रात नेहमी दिसणारी, पिअरिडी कुळातली काही पांढरी फुलपाखरं कशी वेगळी करायची ते बघू.

आधी सोपी दोन. जमिनीलगत संथ उडणारं, छोटंसं, पुढच्या पंखावर एकच ठळक काळा डाग असलेलं ते सायकी. मिटलेल्या मागच्या पंखावर पिवळा रंग आणि कडेला लाल ठिपक्यांची ओळ दिसली की ते कॉमन जेझेबेल, म्हणजे आपलं हळदी-कुंकू.

खरी गडबड होते ती पायोनियर आणि कॉमन गल यांच्यात. दोघंही पांढरी, दोघांच्याही शिरा काळ्या. अळ्याही दोघांच्या वाघाटीच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, त्यामुळे झाड बघूनही निकाल लागत नाही. मग काय बघायचं? पुढच्या पंखाच्या मुळाकडे शिरांनी बंद झालेला एक लांबट कप्पा असतो, त्याला सेल म्हणतात. पायोनियरमध्ये पंखाच्या वरच्या कडेने येणारा काळा पट्टा या सेलच्या टोकाशी आकड्यासारखा खाली वळतो. कॉमन गलमध्ये हा आकडा नसतो.

‘जास्त काळं ते अमुक’ असा नियम मात्र करू नका. पावसाळी पिढीत काळा रंग गडद असतो, कोरड्या दिवसांत तोच फिकट होतो. उन्हाळ्यातल्या फिकट कॉमन गलला तुम्ही वेगळी प्रजाती धरलंत, तर ऋतूनुसार प्रजाती बदलतात असा निष्कर्ष निघेल, आणि तो साफ चुकीचा असेल. आकडेमोड कितीही अचूक केली तरी ही चूक निघत नाही, कारण ती नोंदीतच असते.

तज्ज्ञांनाही हे चुकलेलं नाही. कॉमन एमिग्रंटची दोन रूपं आहेत. एकात पंखाच्या खालच्या बाजूला कड असलेले गोल ठिपके असतात, दुसऱ्यात नसतात. पूर्वी त्यांना पोमोना आणि क्रोकेल अशा दोन प्रजाती मानत. आज ती एकच प्रजाती समजली जाते.

म्हणून कुठलीही खूण वापरण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा:

१. ही खूण ऋतूनुसार बदलते का?
२. नर आणि मादीत सारखीच असते का?
३. पंख झिजल्यावरही ओळखू येते का?

फोटो पंखांच्या दोन्ही बाजूंचे घ्या, कारण फुलपाखरू पंख मिटून बसलं की पुढचा पंख बराचसा झाकला जातो. तारीख आणि जागा लिहाच. आणि आकडा दिसलाच नाही, तर बिनधास्त ‘पिअरिडी, प्रजाती अनिश्चित’ असं लिहा. ठोकून दिलेल्या नावापेक्षा ही नोंद केव्हाही जास्त कामाची.