जुन्या पगाराची खुंटी

“सध्या पगार किती?” मुलाखतीतला हा प्रश्न साधा वाटतो, पण तो निष्पाप नाही.

1974 मध्ये मानसशास्त्रज्ञ एमॉस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानेमान यांनी एका प्रयोगाविषयी लिहिलं. आकड्यांचं एक चक्र फिरवायचं. ते 10 किंवा 65 वरच थांबेल अशी आतून सोय केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? 10 पाहिलेल्यांच्या अंदाजांचा मध्य 25 आला, 65 पाहिलेल्यांचा 45. चक्राचा उत्तराशी काडीचाही संबंध नव्हता! पहिला आकडा मनाला खुंटीसारखा बांधून ठेवतो.

जुना पगार ही अशीच खुंटी. पहिल्या नोकरीत एखादीला केवळ स्त्री म्हणून कमी दिलं, तर पुढची कंपनी त्यावरच काही टक्के वाढवते आणि तो अन्याय नोकरीमागून नोकरी तिच्या पाठीस लागतो. नव्या मालकाच्या मनात भेदभाव नसला तरीही.

नुसत्या उपदेशानं मेंदूची ही खोड जात नाही. म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं 2016 मध्ये कायदा केला, 2018 मध्ये तो लागू झाला: नव्या पगाराचा आकडा देऊ करण्याआधी जुना विचारायचाच नाही. कॅलिफोर्नियातही 2018 पासून अशी बंदी आहे. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. माणसांची मनं बदलण्याची वाट न पाहता खुंटीच उपटली.

भारतात समान वेतनाचा कायदा 1976 मध्ये आला. जुना पगार विचारायला मात्र मनाई नाही. तेव्हा मुलाखतीला जाण्याआधी त्या पदाला बाजारात किती पगार मिळतो ते शोधा आणि पहिला आकडा तुम्हीच सांगा.