साखरेचा फलक शाळेत, सोफा घरात

२०२५च्या मे महिन्यात सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले, जुलैत तेलाचे. कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर किती आणि समोशात तेल किती, हे आता पोरं भिंतीवर वाचतील. वाचू देत. आमच्या सोसायटीत संध्याकाळी बॅडमिंटनचा क्लास असतो. एक मुलगा दुसऱ्या मजल्यावरून लिफ्टने खाली येतो. त्याचे बाबा कठड्यावर बसून मोबाईल बघतात आणि मधूनच मान वर करून ओरडतात, "अरे, पळ ना जरा!" क्लास सुटला की दोघंही लिफ्टने वर.

'खाण तशी माती' म्हणून आपण अशा वेळी मोकळे होतो. वजनापुरतं ते बरंचसं खरंही आहे. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० जणांची वजनं १९८६ साली तपासली गेली. ती जन्मदात्यांशी जुळली, वाढवणाऱ्यांशी नाही. पण हालचालीचं काय?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मानसशास्त्रज्ञ जेन वार्डल यांनी २००१ मध्ये चार-पाच वर्षांच्या ४२८ जुळ्या मुलांकडे पाहिलं. काही घरांत आईवडील दोघंही वजनदार, बाकीच्या घरांत दोघंही सडपातळ. वजनदार घरांतल्या मुलांना बैठे उद्योग जास्त आवडत, त्यात वेळही जास्त जाई, आणि भाज्यांचं वावडंही अधिक. मला यातला 'आवडत' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. आळस नव्हे, आवड. ती रक्तातून आली की दिवाणखान्यातून, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमचा १९९१चा अभ्यास मात्र दिवाणखान्याकडे बोट दाखवतो. तिथे मुलांना आणि पालकांना हालचाल मोजणारं यंत्र बांधलं होतं. आईवडील दोघंही चळवळे असतील, तर मूलही चळवळं असण्याची शक्यता ५.८ पट निघाली.

आणि आता माझे लाडके प्राध्यापक. टेरी विल्किन यांनी २००० साली इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात पाच वर्षांची सुमारे ३०० मुलं निवडली आणि वर्षानुवर्षं त्यांचा पिच्छा पुरवला. त्यात निघालं ते असं: आई स्थूल असेल तर मुलगी स्थूल असण्याचा धोका दहापट, बाप स्थूल असेल तर मुलगा स्थूल असण्याचा सहापट. आईचा मुलावर आणि बापाचा मुलीवर तसा परिणाम दिसेना. जनुकं अशी मुलगा-मुलगी बघून वाटणी करत नाहीत. म्हणजे मुलगी आईचं बघते, मुलगा बापाचं. आपल्याकडे याला 'वळण' म्हणतात, आणि ते लावण्याचा ठेका आपण शाळेला देऊन टाकलाय.

शाळेचंही विल्किन यांच्या चमूने २००३ मध्येच मोजलं होतं. एका शाळेत आठवड्याला ९ तास खेळ, दुसरीत जेमतेम १.८. आठवड्याची एकूण हालचाल मात्र जवळपास सारखीच. शाळेत कमी पळालेली मुलं घरी आल्यावर भरपाई करत होती. पुढे २०११ मध्ये त्यांनी सगळ्यांची झोप उडवणारी गोष्ट मांडली: मूल कमी पळतं म्हणून जाड होत नाही, चरबी आधी वाढते आणि मग पळणं कमी होतं. सातव्या वर्षी चरबी जास्त असलेली मुलं दहाव्या वर्षापर्यंत मागे पडत गेली. उलटा संबंध सापडला नाही. एका शहरातल्या मूठभर पोरांवरून एवढा मोठा निष्कर्ष, अशी कुरकुर करता येईल. मीही करतो. पण 'पळ ना जरा' हा इलाज नव्हे, एवढं तरी त्यातून नक्की कळतं.

शिवाय ही सगळी मोजदाद विलायती शरीरांची. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काट्यावर बारीक, आतून जाड. मग आपल्याकडे 'वजनदार पालक' कोणाला म्हणायचं?

कठड्यावरचे ते बाबा, सांगायचं राहिलं, चांगले सडपातळ आहेत.