तांब्याच्या गावातील एक घर

“आमचे घर कसे सजवावे, ते सांगा,” अशी पृच्छा आम्हांस हल्ली वारंवार होते. पृच्छा करणाऱ्या बहुधा भगिनी असतात आणि त्यांच्या हाती एखादे रंगीत चित्र असते. चित्रात गालिचा पसरलेला असतो, काचेच्या मेजावर एकच फूल ठेवलेले असते, आणि माणूस कोठेच दिसत नाही. अशा घरात मूल दूध कोठे सांडते, आजोबा काठी कोठे टेकवून ठेवतात, ओल्या छत्र्या कोठे ठेवतात, हे त्या चित्रावरून काही केल्या कळत नाही. म्हणून आम्ही आज चित्रातले नव्हे, तर प्रत्यक्ष पाहिलेले एक घर वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते आहे मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड येथे.

मलाजखंड हे तांब्याचे गाव. हिंदुस्थान कॉपर ही सरकारी कंपनी १९६७ साली स्थापन झाली व १९८२ साली तिची येथील खाण सुरू झाली. डोंगर फोडून पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली ती उघडी खाण देशातील तांब्याच्या उघड्या खाणींत सर्वांत मोठी म्हणून ओळखली जाते. आता तिच्या तळाखाली भूमिगत खाणकाम सुरू झाले आहे. शंभर किलो दगड फोडावा तेव्हा त्यातून साधारण किलोभर तांबे निघते, हे ऐकल्यावर आपल्या देवघरातील समईकडे किंवा चर्चच्या घंटेकडे आपण जरा निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. कारण घंटेच्या काशात चार हिस्से तांबे आणि एक हिस्सा कथील असते. गावाच्या एका अंगाला कान्हाचे अरण्य, सभोवार गोंड व बैगा लोकांच्या वस्त्या, आणि मध्ये कंपनीची वसाहत. १९५६ पर्यंत या साऱ्या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. महाराष्ट्राची सीमा आजही जवळ आहे, आणि गोंदियाकडून येणारा प्रवासी बालाघाटच्या बाजारात सहज मराठी बोलून जातो.

या वसाहतीत आमच्या नात्यातील एक कुटुंब राहते. मूळचे नागपूरकडचे, घरधनी खाणीवर नोकरीस. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे जाळीची पडवी, एवढे घर. माणसे सहा : नवराबायको, तीन मुले आणि ऐंशीच्या घरातील आजी.

काही वर्षांपूर्वी आम्ही प्रथम तेथे गेलो, तेव्हा वहिनींनी हप्त्याने घेतलेले नवे सामान मोठ्या हौसेने दाखविले. बैठकीच्या खोलीत मखमली सोफा होता. त्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण मळू नये म्हणून तसेच ठेवले होते. समोर काचेचे कपाट, त्यात मुलांना हात लावण्याची मनाई असलेल्या बाहुल्या व बशा. भिंतीवर येशूच्या अतिपवित्र हृदयाचे सुरेख चित्र आणि त्याखाली टेलिव्हिजन. मुले जमिनीवर बसून अभ्यास करीत होती, कारण सोफा पाहुण्यांसाठी होता. आजी दिसल्या नाहीत. विचारले, तेव्हा कळले की त्यांची खाट मागच्या पडवीत हलविली आहे. पुढच्या खोलीत ती शोभत नव्हती. आम्ही पाहुणे. आम्ही सोफ्यावर बसलो, चहा घेतला, आणि घर फार झकास मांडले आहे, अशी तारीफही केली. आजींना पडवीत जाऊन नमस्कार केला खरा. पण त्यांच्या खाटेपाशी बसावयास जागा नव्हती, आणि आम्ही उभ्या उभ्याच परतलो. ही गोष्ट आम्ही पुढे पुष्कळ दिवस विसरलो नाही.

दुसऱ्या खेपेस गेलो तेव्हा घर ओळखू येईना. काय घडले ते वहिनींनीच सांगितले. थंडीचे दिवस होते. संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना पुढच्या खोलीत होई आणि आजी पडवीतून आपला आवाज त्यात मिळवीत. मध्ये स्वयंपाकघर असल्यामुळे त्यांची ‘नमो मरिये’ नेहमी अर्धी मागे पडे. धाकटा मुलगा त्या मागे पडलेल्या आवाजाची नक्कल करून हसू लागला. “त्या रात्री माझ्या मनात आलं,” वहिनी म्हणाल्या, “पुढच्या खोलीत आपण येशूला मानाची जागा दिली, आणि त्याच्या लेकराला मागच्या दारी ठेवलं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी व दादांनी मिळून सोफा सरकविला.

येथे एक आठवण दिल्यावाचून राहवत नाही. कुटुंबात येशूहृदयाची स्थापना करण्याच्या प्रथेचा प्रसार फादर मातेओ क्रॉली यांनी केला. पेरू देशात जन्मलेले हे धर्मगुरू १९०७ साली फ्रान्समधील पारे-ल-मोनियाल येथे गेले आणि तेथून हे कार्य घेऊन जगभर हिंडले. चित्र घरातील मुख्य खोलीत, सर्व कुटुंबाचा वावर असेल तेथे लावावे, असा त्यांचा आग्रह होता. शोभेच्या बंद दिवाणखान्यात ते लावून भागत नाही.

आता त्या घराची नवी मांडणी पाहू. आजींची खाट पुढच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीशी आहे. “मले दिसलं पायजे बाप्पा, कोण आलं अन् कोण गेलं,” ही त्यांची एकच मागणी होती आणि ती रास्त होती. खाटेवर जुन्या लुगड्यांची वाकळ आहे. दिवसा तीच खाट चार माणसांची बैठक होते. उशाशी पाण्याचा तांब्या, चष्मा आणि जपमाळ ठेवण्याजोगी फळी. खाटेपासून न्हाणीपर्यंतच्या वाटेत आता एकही वस्तू नाही आणि रात्री तेथे मंद दिवा असतो. न्हाणीत भिंतीला धरावयास लोखंडी दांडी बसविली आहे. या दांडीला सजावट म्हणावे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते घरातील सर्वांत देखणी वस्तू तीच.

सोफा विकला नाही. त्याचे प्लॅस्टिक काढले, धुता येईल असा सुती अभ्रा चढविला आणि टेलिव्हिजनकडे असलेले त्याचे तोंड खाटेकडे वळविले. माणसे परस्परांसमोर बसू लागली की बोलणे आपोआप सुरू होते. टेलिव्हिजन कोपऱ्यात गेला; तो बंद होतो असे मात्र नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो.

अभ्र्याचे व पडद्यांचे कापड वारासिवनीचे आहे. बालाघाट जिल्ह्यातील हे गाव हातमागासाठी नावाजलेले असून तेथील साड्यांना व कापडाला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. वहिनींनी एका जुन्या साडीचे काठ वेगळे काढून साध्या पांढऱ्या पडद्यांना खालून लावले. दुकानदाराने दाखविलेले जाड, चकाकणारे पडदे त्यांनी नाकारले, हे योग्यच झाले. खाणीच्या गावी धूळ ठरलेली, आणि जो पडदा घरी पिळून वाळविता येत नाही तो महिन्याभरात धुळीचे पोते होतो.

भिंतींना चुना दिला. चुन्यात थोडा डिंक घातला की तो अंगाला लागत नाही. गच्चीवरही उन्हाळ्यापूर्वी चुन्याचे दोन हात मारतात. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवितो आणि खालची खोली कमी तापते. खिडक्यांना व मुलांच्या फळ्यांना मात्र तेलरंग दिला. तेलरंग घेणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य पाहावी. सीसे हे लहान मुलांच्या मेंदूला विष आहे, आणि मुले खिडकीचे गज चाटतातच. आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक सीसे असू नये असा नियम आहे. डब्यावर तसा उल्लेख असतो. कोठल्या तरी कोठारात उरलेला जुना डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, आणि जुना तेलरंग घासावयाचा झाल्यास पाणी मारून घासावा, म्हणजे धूळ उडत नाही.

पुढच्या खोलीच्या एका भिंतीचा खालचा तीन हात भाग मुलांचा आहे. त्याची कथा अशी. आसपासच्या गोंड वस्त्यांत बायका घराच्या भिंती छुईच्या पांढऱ्या मातीने पोतारतात आणि गेरू, काळी माती व छुई यांनी त्यावर ढिगना काढतात. याच परंपरेतून, पूर्वीच्या मंडला जिल्ह्यातील पाटणगड या खेड्यात, जनगडसिंह श्याम हा तरुण भिंतीवर चित्रे काढीत असता भोपाळच्या कलावंतांच्या नजरेस पडला. १९८२ साली भोपाळला भारत भवन उघडले आणि त्याची चित्रे तेथे झळकली. म्हणजे ज्या वर्षी मलाजखंडची खाण सुरू झाली, त्याच वर्षी. जनगडसिंह २००१ साली वारला, परंतु त्याच्या मार्गाने पुढे शेकडो कलावंत गेले. उमरिया जिल्ह्यातील जोधइयाबाई बैगा यांनी तर सत्तरीच्या सुमारास प्रथम कुंचला हाती धरला आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे सारे वहिनींच्या मधल्या मुलीने शाळेत ऐकले आणि घरी येऊन भिंत मागितली. गेरू डिंकाच्या पाण्यात कालवून तिने नाताळापूर्वी त्या भिंतीवर गव्हाणीचा देखावा काढला. त्यात मेंढरांबरोबर बारशिंगा आहे, मोर आहे, आणि योसेफाच्या हाती बैगांची कुऱ्हाड आहे. धर्मगुरूंनी घराला आशीर्वाद देताना त्या कुऱ्हाडीकडे पाहून स्मित केले, पण पुसावयास सांगितले नाही. सुतार होता तो. कुऱ्हाड काही परकी नव्हे.

पुस्तकांची फळी बांबूची आहे, आणि ती मुलांच्या छातीइतक्या उंचीवर आहे. वस्तू हाताला लागली तर मूल ती जागेवर ठेवते. न लागली तर खुर्चीवर चढते व पडते. बालाघाटच्या जंगलात बांबू विपुल. मात्र कच्चा बांबू घरात आणला तर भुंगा त्याचे पीठ करतो, कारण बांबूतील साखर व पिठूळ अंश हाच त्याचा आहार. यासाठी गावकरी तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात. तो अंश धुऊन जातो. टाकणखार व बोरिक पावडर यांच्या पाण्यात भिजविण्याची रीतही चांगली आहे. काम करताना हे पाणी मुलांपासून दूर ठेवावे.

तिरुवनंतपुरमचे लॉय्योला प्रार्थनामंदिर बांधणारे वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) हे जन्माने इंग्रज व पंथाने क्वेकर होते. गांधीजींनी त्यांना सांगितले होते की, आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात सापडणाऱ्या वस्तूंनी बांधावे. बेकरांनी तो सल्ला जन्मभर पाळला. मलाजखंडच्या या घरात लोकांनी बांधकाम काहीच केले नाही, ते कंपनीचे. पण मांडणीत तो सल्ला नकळत उतरला आहे.

आणि तांबे? तांब्याच्या गावात तांबे हवेच, असे आम्ही गमतीने म्हटले तेव्हा आजींनी खाटेखालून आपल्या माहेरचा हंडा काढला. काचेचे कपाट आले तेव्हा तो अडगळीत गेला होता. आता तो दाराशी असतो व त्यात बांबूच्या डहाळ्या ठेवलेल्या असतात. चिंच व मीठ लावून शनिवारी तो घासणे ही थोरल्या मुलाची पाळी आहे. याच निमित्ताने सांगून ठेवतो : तांब्याच्या वा पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक, चिंच, लिंबू असे काही ठेवू नये; ते कळकते आणि पोटास बाधते. फुलदाणीतील पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकावे, नाही तर शोभेच्या हंड्यात डास वाढतात. या जिल्ह्यात हिवताप नवा नाही. पडवीची जाळी वहिनींनी प्रथम दुरुस्त केली ती त्यामुळेच.

काचेच्या कपाटातील बाहुल्या मुलांना देऊन टाकल्या. त्यांपैकी तीन पहिल्याच आठवड्यात मोडल्या. कपाटाची काच काढून त्यात आता बायबल, पाठ्यपुस्तके, औषधांचा डबा (तो मात्र वरच्या कप्प्यात, कुलपात) आणि गेल्या झावळ्यांच्या रविवारी आणलेली झावळी आहे.

सर्व फेरफारास खर्च किती आला, हा प्रश्न आम्ही संकोच सोडून विचारला. सोफ्याच्या एका हप्त्याहून कमी. सोफ्याचे हप्ते मात्र पुढे चौदा महिने चालू होते, असे दादा म्हणाले आणि वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले. हौस वाईट नव्हे. पण जी वस्तू घेतल्यावर ती मळेल या धाकाने मुलांना अंतरावर बसवावे लागते, तिच्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी नवराबायकोने एक रात्र तरी विचार करावा, एवढे आम्ही वडीलकीच्या नात्याने म्हणतो.

दादा लवकरच निवृत्त व्हावयाचे आहेत. निवृत्तीनंतर वसाहतीतले घर सोडावे लागेल. मग आपले नसलेले घर इतके कशाला मांडावे, असे आम्ही विचारले. वहिनींनी बोटांवर मोजून दाखविले : पडदे बरोबर येतील, फळी सुटी होते, हंडा येईल, न्हाणीतली दांडीसुद्धा दादा उखडून नेणार आहेत. चित्र आणि क्रूस तर येणारच. राहील ती भिंत. घर परत करताना तिच्यावर चुन्याचा हात मारावा लागेल. तो कोणी मारावयाचा, यावर मुलांचा अद्याप वाद चालला आहे. आणि आजींचे म्हणणे असे, की निदान बारशिंगा तरी राहू द्यावा.